संकटाला 'वरदान' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळी सकाळी एका ग्रुपवर मेसेज आला. 'अडचणीचा काळ हे वरदान आहे. तो काटकसर शिकवतो, कल्पकता जागवतो, अध्यात्माकडे नेतो.' खाली उगवता सूर्य. पाठवणारा माणूस वाईट नाही. पण त्याच ग्रुपवर एक जण आहे, ज्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली. त्यानं त्या मेसेजखाली हात जोडले. ते जोडलेले हात बघून माझं डोकं सणकलं.

आमच्या घरी एक चादर होती. मी सातवीत असताना वडिलांचा पगार थांबला तो वर्षभर थांबलाच. चादर कायम मध्ये विरते, कारण माणूस मध्ये झोपतो. कडेचं कापड धडधाकट राहतं. आईनं एका दुपारी ती चादर उभी मधोमध कापली, दोन्ही तुकड्यांची अदलाबदल केली आणि बाहेरचे धड काठ आतल्या बाजूला आणून एकमेकांना जोडले. काठाचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे तिथं दुमडत बसायला नको. विरलेला भाग आता बाहेर आला होता, तो कातरून तिनं कडा दुमडून घेतल्या. चादर चार बोटं अरुंद झाली आणि आणखी तीन वर्षं चालली.

मधोमध शिवण आली. तीच माझी आणि दादाची हद्द. पाय पलीकडे गेला की लाथ.

पुढे कधीतरी वाचलं की दुसऱ्या महायुद्धात, जून 1941पासून ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा तिथल्या घराघरांत चादरी अशाच मधोमध कापून जोडत. आईला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी तिची कात्री त्याच जागी चालली. मला उगाच भारी वाटलं होतं.

पण वरदान? त्या वर्षी आई कुणी शांत साध्वी नव्हती हो. भांडी आपटायची. पेन्सिल हरवली म्हणून तिनं मला असं मारलं होतं की नंतर तीच रडत बसली. हा भाग तुमच्या उगवत्या सूर्याच्या चित्रात कुठे बसवायचा?

आणि कृपा करून लगेच तुकोबांना मध्ये आणू नका. दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मूल गेलं. त्या दुष्काळाचे आभार मानायचे का? आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली ती तुकोबांनी, दुष्काळानं नव्हे. त्याच दुष्काळात कितीतरी माणसं नुसती मेली. त्यांच्या नावानं कुणी सुविचार पाठवत नाही.

दुसरं लाडकं उदाहरण मातीस या चित्रकाराचं. 1941 साली मोठं ऑपरेशन झालं, उभं राहून रंगवणं अवघड झालं, मग त्यानं कात्रीनं रंगीत कागद कापून चित्रं केली. खरंच अफाट चित्रं आहेत. पण ते कागद रंगवून द्यायला त्याच्याकडे मदतनीस होते, हे मात्र मेसेजात येत नाही.

बरं, मान्य. पैसा असता तर आईनं ती चादर फरशी पुसायला काढली असती. आणि मी आजही पाठकोऱ्या कागदांवर लिहितो, कोरा कागद समोर आला की हात अडखळतो. काहीतरी अंगात मुरलंय खरं.

ती दुपार मला आठवते. आईच्या ओठांत टाचण्या, मांडीवर चादर. वीत लावून मापं घेत होती. देवाधर्माचं तिला फारसं नव्हतंच कधी. पण त्या तासा-दीड तासात घरात जी शांतता होती ती मी त्यानंतर ध्यानाच्या वर्गात पैसे भरून शोधली, आणि मिळाली नाही. कुणाला हिशेब द्यायचा नव्हता, कुणापुढे हात पसरायचा नव्हता, फक्त टाका सरळ यायला हवा होता. याला अध्यात्म म्हणायचं असेल तर म्हणा. ते तिनं स्वतःच्या हातानं मिळवलं होतं. पगार थांबवणाऱ्यानं ते दिलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्यानं भोगलं त्यानं म्हणावं 'त्या दिवसांनी मला घडवलं'. काठावर बसून चहा पिणाऱ्यानं नाही.

(त्या नोकरी गेलेल्या मित्राला मी अजून फोन केलेला नाही. इथे तावातावानं पोस्ट लिहितोय. म्हणजे मीही त्यातलाच.)

आईला मात्र केला. विचारलं, "आई, ती शिवणीची चादर आठवते तुला? त्या वर्षानं तुला काही शिकवलं का गं?"

"डोंबल. नवी घेता आली असती तर मी कशाला कापत बसले असते?"

मग जरा थांबून म्हणाली, "शिवण जाड आली होती रे. पाठीला टोचायची का तुम्हाला?"