‘छातीतली चिप’ आणि तिच्या नावावर खपवलेले चमत्कार

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘साठीनंतर प्रत्येकाने छातीत चिप बसवून घ्यावी. ती हार्ट अटॅक आधीच ओळखते, थांबलेले ठोके सुरू करते. मात्र एमआरआय कायमचा बंद. नको असेल तर स्मार्टवॉच तेच काम करते.’

ठोके सुरू करतो तो पेसमेकर. ही ‘चिप’ म्हणजे लूप रेकॉर्डर. तिची तार हृदयात जात नाही. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन ती त्वचेखाली सरकवतात. रिव्हील लिंक हे मॉडेल ४५ मिलिमीटर लांब आणि अडीच ग्रॅम वजनाचे. ठोका चुकला तर ती नोंद करते, बस्स.

हार्ट अटॅक येतो रक्तवाहिनी अडल्यामुळे; हे यंत्र पाहते ठोक्यांची लय. शिवाय नोंदी बहुधा रात्री दवाखान्याकडे जातात आणि तिथे कुणी बघेल तेव्हा बघेल. छातीत कळ आली तर चिपच्या भरवशावर बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

एमआरआयची भीती जुनी झाली. आजची मॉडेल्स ठरावीक अटींवर चालतात. फक्त साठलेल्या नोंदी स्कॅनआधी उतरवून घेतात.

स्मार्टवॉचचा मुद्दा मात्र नीट बघण्यासारखा आहे. घड्याळाचा ईसीजी साधारण ३० सेकंदांचा, तोही बोट टेकवल्यावर. चार महिन्यांतून एकदा अचानक कोसळणारा माणूस तेव्हा बोट कसे टेकवणार? २४ तास अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्रामध्येही (होल्टर) तो झटका सापडेलच असे नाही. लूप रेकॉर्डर जुन्यावर नवे लिहीत राहतो. ठोके फार मंद, फार जलद झाले किंवा खंड पडला, की तेवढा तुकडा राखून ठेवतो. शुद्धीवर आल्यावर सोबतच्या यंत्रावरचे बटण दाबले तरी आधीची काही मिनिटे हाती लागतात. कारण न सापडलेल्या पक्षाघातातही हेच दिसले. २०१४ च्या क्रिस्टल-एएफ अभ्यासात वर्षभरात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय; यात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो) सापडले ते चिप बसवलेल्यांपैकी १२.४ टक्क्यांत, नेहमीच्या तपासण्यांवर असलेल्यांत २ टक्क्यांत.

मग सगळ्यांनाच का नको? २०२१ च्या लूप अभ्यासात पक्षाघाताचा धोका वाढलेले, ७० ते ९० वयाचे ६,००४ जण होते. चिप असलेल्यांत हा विकार सुमारे तिप्पट प्रमाणात सापडला. पक्षाघात किंवा गुठळीने अवयवाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण मात्र चिप असलेल्यांत ४.५, नसलेल्यांत ५.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आणि निदान झाले की बहुतेकदा रक्त पातळ करणारी गोळी मागे लागते; रक्तस्रावाचा धोका तिच्यासोबत येतो. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.