'कामावर प्रेम असेल तर गोळ्या लागत नाहीत' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा मेसेज आला. आधी एक लांबलचक फॉरवर्ड आणि त्याच्याखाली तिचं एकच वाक्य, "ताई, म्हणजे माझंच चुकतंय का गं?" तो फॉरवर्ड तिच्या मॅनेजरने टीमच्या ग्रुपवर टाकलेला आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे. तुमच्याकडेही आला असेल, कारण त्यानंतर मला तो अजून दोन ग्रुपवर दिसला. पाच मुद्दे आहेत, थोडक्यात सांगते. एक, कामावर मनापासून प्रेम करणारा माणूस आजारी पडत नाही. दोन, आवडीच्या कामाचा थकवा येत नाही, कितीही तास करा. तीन, बर्नआउट (म्हणजे कामाच्या ताणाने पार संपून जाणं) ही नवी फॅशन आहे, डब्ल्यूएचओसुद्धा त्याला आजार मानत नाही. चार, डिप्रेशन रिकाम्या डोक्यात येतं, स्वतःला कामात बुडवून घ्या, गोळ्या लागणार नाहीत. पाच, खरा एंगेज्ड, म्हणजे कामात जीव ओतणारा माणूस सुट्टी मागत नाही.

बहीण चार महिन्यांपासून डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय, आता कुठे जरा सावरलीये. फोन केला तर म्हणाली, "आजची घेतली नाही, बघू म्हटलं." म्हणून आधी चौथा मुद्दा, बाकीचे नंतर.

कामात बुडवून घ्या म्हणे. ती वाईट अवस्थेत होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसलेली आहे. समोर लॅपटॉप, त्यावर तीन ओळींचा ईमेल, शुक्रवारपर्यंत आकडे पाठवा एवढंच त्यात. ती तो वाचायची, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची, परत वर जायची. 'हो, पाठवते' असं टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. पाऊण तास गेला आणि उत्तर गेलंच नाही. ही तीच मुलगी आहे जी हिशोबात दोन रुपयांचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत जागेवरून उठायची नाही, आणि सापडला की आनंदाने मला फोन करून सांगायची. तिचं कामावर प्रेम नव्हतं असं कोणी मला सांगू नये.

डिप्रेशन आहे की नाही हे ठरवताना डॉक्टर काय विचारतात बघा. आवडत्या गोष्टींतला रस गेलाय का, लक्ष लागत नाही का, साधे निर्णय घेता येत नाहीत का, झोप आणि भूक बिघडलीये का, अंगात त्राण नाही असं वाटतं का, आणि हे सगळं निदान दोन आठवडे जवळजवळ रोज चाललंय का. म्हणजे कामात मन न लागणं हे त्या आजाराचं लक्षण आहे, कारण नाही. आजाराने जे हिरावून घेतलंय तेच औषध म्हणून घे असं सांगताय तुम्ही त्या माणसाला, आणि जमलं नाही की वर दोष पण त्यालाच. तो मग काय करतो, तर बोलणं बंद करतो, कारण बोललं की आपलं कामावर प्रेम कमी ठरणार.

आणि गोळ्यांचं तर बोलूच नका. डिप्रेशनची बरीच औषधं लागू पडायलाच काही आठवडे घेतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागतात नाहीतर आजार उलटायची भीती असते. अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, जीव घाबरा होणं, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं असं काहीही होऊ शकतं. ती बंद करायची झाली तर डॉक्टरांना विचारून हळूहळू डोस कमी करत न्यायची असतात. एका फॉरवर्डमुळे कोणी परस्पर गोळ्या सोडल्या तर त्याची जबाबदारी ग्रुपवर अंगठा देणारे घेणार आहेत का?

हां, यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. चांगलं काम, बरोबरची माणसं धड असतील, दिवसाला काही आकार असेल तर मनाला आधार मिळतो, नोकरी गेल्यावर माणसं किती खचतात हे आपण बघतोच. उपचारातही डॉक्टर छोटी छोटी झेपणारी कामं करायला सांगतात. पण ते उपचाराबरोबर असतं, आणि झेपेल एवढंच. बुडवून घ्या आणि गोळ्या सोडा असं कोणी सांगत नाही.

आता बर्नआउट. इथे मेसेजवाल्याने डब्ल्यूएचओला साक्षीला बोलावलंय तर साक्ष पूर्ण ऐकूया. २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली आणि हो, तो वैद्यकीय आजार म्हणून घेतलेला नाही, एवढं बरोबर आहे. पण मग काय म्हणून घेतलाय? कामाशी संबंधित घटना म्हणून. व्याख्या अशी आहे की कामाच्या ठिकाणचा जो ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि नीट हाताळला गेला नाही त्यातून हे होतं, आणि त्यात तीन गोष्टी दिसतात: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्यांनी हेही स्पष्ट लिहिलंय की हा शब्द फक्त कामाच्या संदर्भात वापरायचा. म्हणजे मेसेजवाल्याच्या साक्षीदाराने बोट दाखवलंय ते कामाकडे, माणसाच्या आळसाकडे नाही. 'आजार नाही' एवढे दोनच शब्द उचलायचे आणि पुढचं वाक्य गाळायचं, याला खोटं बोलणंच म्हणतात.

थकवा येत नाही, कितीही तास करा, याच्यावर पण त्याच डब्ल्यूएचओचं ऐका. २०२१ मध्ये त्यांनी आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात लांबलेल्या तासांशी जोडलेले जगभरातले मृत्यू ७ लाख ४५ हजार. हे तासांचं गणित आहे, आणि आवडीचं काम असलं की माणूस उलट जास्तच तास बसतो, झोप कापतो, व्यायाम उद्यावर ढकलतो, छातीत दुखलं तरी आधी हे संपवतो मग बघतो म्हणतो. म्हणजे ज्यांचं कामावर खरंच प्रेम आहे त्यांनाच हा मुद्दा सगळ्यात जास्त गोत्यात आणणारा आहे.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. व्हायरस अंगात शिरताना तुम्ही कामात किती रमता हे विचारत नाही. पण एंगेज्ड हा शब्द यांनी घेतला कुठून ते सांगते. कामातल्या एंगेजमेंटबद्दल ज्या शोधनिबंधापासून बोलणं सुरू झालं असं मानतात तो संशोधक विल्यम कान यांचा, १९९०चा. माणूस कामात स्वतःला कधी झोकून देतो याच्या त्यांनी तीन अटी सांगितल्या: कामात अर्थ वाटला पाहिजे, मोकळेपणाने वागलं तर आपल्यावर उलटणार नाही अशी खात्री पाहिजे, आणि तिसरी म्हणजे त्या क्षणी शरीरात आणि मनात तेवढी ताकद शिल्लक पाहिजे. ताकद आधी, झोकून देणं नंतर. मेसेजने तो क्रमच उलटा केलाय. एंगेज्ड लोकांची तब्येत सरासरी बरी दिसते हे खरं आहे, पण तब्येत बरी असलेल्यालाच कामात जीव ओतता येतो हेही त्यात आलंच की.

सुट्टीचं एवढंच की ताप घेऊन लॉगिन केलेल्या दिवशी माणूस नुसता ऑनलाइन दिसतो, काम होत नाही, झालेल्या चुका पुढच्या आठवड्यात निस्तराव्या लागतात, आणि ऑफिसला गेला तर ताप बाकीच्यांना वाटून येतो तो वेगळाच.

बहिणीने त्या रात्री फोन चालू असतानाच डॉक्टरांना मेसेज केला, सकाळी त्यांनी उत्तर दिलं तसं तिने केलं. मॅनेजरला ग्रुपवर काही बोलायची तिची हिंमत नाही आणि मी तिला बोल म्हणणारही नाही, नोकरी तिची आहे. पण तुम्ही ज्या ग्रुपवर आहात तिथे हा मेसेज आला तर निदान चौथ्या मुद्द्याखाली एवढं लिहा: गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. वाचणाऱ्यांत कोण गोळ्या घेतंय हे तुम्हाला माहीत नसतं, माझ्या बहिणीच्या टीममध्येही कोणाला माहीत नाही.