आमच्या राघोला प्लँटर कोणी केला?

बास झालं. वंशावळीच्या एका साइटवर आमच्या राघोचा व्यवसाय काल रात्री तिसऱ्यांदा दुरुस्त केला आणि तिसऱ्यांदा कुणीतरी तो परत बदलला. आता इथे ओकल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

माझ्या खापरपणजोबांचा थोरला भाऊ, राघो, मालवणकडचा. १८५८ साली मुंबईहून बोटीत बसून मॉरिशसला ऊस तोडायला गेला आणि परत आला नाही. घरात त्याच्याबद्दल एवढंच शिल्लक होतं: "गेलो तो गेलोच." बाकीचं मी शोधलं. तीन वर्षं, रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर, चष्मा लावून.

आणि शोधायचं कसं? या वंशावळीच्या साइटवर पहिलाच रकाना आडनावाचा, तोही सक्तीचा. अहो, त्या माणसाच्या नोंदीत आडनावच नाही! राघो बिन सखोजी, म्हणजे सखोजीचा मुलगा राघो, संपलं. मॉरिशसच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं, मग पुढे बापाचंच नाव पोराबाळांचं आडनाव होऊन बसलं. म्हणजे एकाच घरातले लोक दोन पिढ्यांत वेगवेगळ्या आडनावांचे. हे त्या सर्चच्या डोक्यात शिरतच नाही. राघो, रागू, रग्गू, रागोव, सगळं घालून पाहिलं. शेवटी सापडला कुठे, तर 'कागू' म्हणून! जुन्या अक्षरातला 'आर' कुणीतरी 'के' वाचून टाइप केला होता. दीड वर्ष गेलं माझं त्या एका अक्षरापायी.

जन्मस्थळाची तर वेगळीच गंमत. मी लिहिलं, 'मालवण, जिल्हा रत्नागिरी'. साइट म्हणते चूक, सिंधुदुर्ग करा. अरे बाबांनो, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली! तेव्हा राघोला बोटीवर चढून सव्वाशे वर्षं होत आली होती. पण यादीत आहे तेच निवडायचं, नाहीतर लाल फुली.

बरं, हे यंत्राचं झालं. यंत्राला अक्कल नाही, मान्य. माणसांचं काय?

एका महाभागाच्या साइटवरच्या वंशावळीच्या झाडात चाळीस हजार माणसं आहेत. चाळीस हजार! त्यातल्या किती जणांची नोंद त्याने स्वतः उघडून पाहिली असेल? त्याने आमच्या राघोला कुठल्याशा भलत्याच बाईशी जोडलं आणि पोरगा चिकटवला बापापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान. मी लिहिलं, तारखा बघा. उत्तर आलं, "बाकीच्या सहा झाडांतही असंच आहे." असणारच ना, त्या सहाही जणांनी तुमचंच उचललंय!

पण माझा खरा संताप व्यवसायाच्या रकान्यावर आहे. मॉरिशसला नेलेल्या मजुरांच्या रजिस्टरात सरळ लिहिलंय, लेबरर. वय वीस, उंची, डाव्या गुडघ्यावर व्रण, बोटीचं नाव, नंबर. गुडघ्यावरच्या व्रणाचीसुद्धा नोंद आहे, कारण माणूस पळाला तर ओळखता यायला हवा. १८६७ च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट खिशात बाळगावं लागायचं. पगार म्हणाल तर महिना पाच रुपयांच्या आसपास, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. डबल कट म्हणायचे त्याला. असं जगला तो माणूस. आणि कुणा दीडशहाण्याने तिथे 'लेबरर' खोडून लिहिलं, 'प्लँटर'. म्हणजे मळ्याचा मालक! ज्याच्या शेतात पाठ मोडली, त्याच्याच पंगतीला नेऊन बसवलं.

कारण विचारलं तर म्हणे, "आपले पूर्वज कुली होते असं मुलांना कसं सांगायचं?" या वंशावळींत पाहावं तिकडे सरदार, देशमुख, पेशव्यांच्या पदरचे मानकरी. मग मॉरिशसला जी चार-साडेचार लाख माणसं नेली ती कुठल्या ग्रहावरून आली होती? ऊस काय सरदारांनी तोडला?

हो, १८८० च्या आसपास मोठ्या इस्टेटींचे तुकडे पडून विकले गेले आणि काही गिरमिटियांनी, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांनी, पोटाला चिमटा काढून जमिनी घेतल्या, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या राघोनेही घेतली असेल तर मला आनंदच आहे. दाखवा की कागद! मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जुनी रजिस्टरं जपून ठेवली आहेत, विचारा तिथे. पण कागद मागितला की हे गप्प. 'आमच्या घरात असं सांगतात.' आमच्या घरात तर तो समुद्रात बुडाला असंही सांगायचे, तेही लिहू का?

काल रात्री साडेअकराला मी परत 'ऊसमळ्यावरचा मजूर' असं लिहिलं, खाली रजिस्टरातली नोंद जोडली, कारणही दिलं. सकाळी चहा ठेवला आणि फोन बघितला.

प्लँटर. शिवाय आता नावापुढे 'श्रीमंत'.