पहाटे पाचला उठवून डिप्रेशन जात नाही

‘आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं. सोळा वर्षांच्या घोड्यांना अक्कल नको? मोबाईल काढून घ्या, पहाटे पाचला उठवा, ताळ्यावर येतील.’ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

तुमच्या वेळीही होतं, फक्त बोलायची सोय नव्हती. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. घरचे ‘विहिरीवर पाय घसरला’ नाहीतर ‘स्टोव्ह भडकला’ असंच सांगणार ना! केसलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रौढांचं सर्वेक्षण केलं. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंतच सुरू झालेले असतात, असं त्यात २००५ साली दिसलं. त्या प्रौढांच्या लहानपणी स्मार्टफोन कुठे होता?

अक्कल असते हो. निवांत एकटं बसवून विचारा, पोरगं मोठ्यांसारखं बोलतं. घोळ होतो तो दोस्तांसमोर. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळायला दिला. मित्र बघत असले की १३ ते १६ वर्षांची मुलं जास्त धोका पत्करायची. चोविशीपुढच्यांना फारसा फरक पडला नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, पण कौतुक आणि अपमान टिपणारी यंत्रणा त्याआधीच जोरात असते. त्यामुळे वर्गातल्या टोळक्याने वाळीत टाकणं ही त्या वयात ‘एवढीशी गोष्ट’ नसतेच.

पहाटे पाचचा सल्ला तर उलटाच. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं, अकराच्या आत डोळा लागत नाही. गरज आठ ते दहा तासांची, मिळतात सहा. अपुऱ्या झोपेने उदासी वाढते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये ‘नऊच्या आधी नको’ असा निर्णय घेतला, पण तो चौथीपर्यंत! दहावीतला पोरगा सातच्या शाळेत पेंगतोच आहे.

मोबाईलचं म्हणणं निम्मं पटतं. रात्री तो हॉलमध्ये ठेवावा, आईबापांचाही. पण दोस्तांशी बोलायची तेवढीच वाट उरली असेल तर जप्तीने पोर आणखी एकटं पडतं. दोन आठवडे ते गप्प असेल, जेवणाखाणावरून मन उडालं असेल तर १४४१६ लावा. टेलि-मानसची ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं.