कसं वाटलं नाटक?

नवं नाटक बघणं तसं सोपं असतं. खुर्चीत बसायचं, तिसरी घंटा झाली की गप्प व्हायचं. खरी परीक्षा नाटक संपल्यावर सभागृहाच्या दारात सुरू होते, कारण तिथे लेखक उभा असतो. देवल-गडकऱ्यांच्या नाटकांना कितीही नावं ठेवा, ते दारात येऊन तुमचा हात धरत नाहीत. नव्या नाटकाचा लेखक जिवंत असतो आणि आपल्या बाहेर पडण्याच्या वाटेवरच उभा असतो. ‘कसं वाटलं?’ एवढंच विचारतो आणि मग डोळ्यांत बघत राहतो.

या प्रश्नाला नागपुरात ठरलेली उत्तरं आहेत. ‘विषय वेगळा होता’ म्हणजे कळलं नाही. ‘पोट्ट्यांनी मेहनत घेतली बाप्पा’ म्हणजे कळलं, पण तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. ‘प्रकाशयोजना छान’ म्हणजे बाकी सगळा अंधार. लेखकालाही ही परिभाषा पाठ असते, त्यामुळे खोटं बोलून सुटका होत नाही. सुटायचं तर नाटक नीट बघावं लागतं, आणि तिथूनच त्रास सुरू होतो.

तयारी घरापासूनच. ‘नाटकाला येता का?’ असं कोणालाही विचारलं की पहिला प्रतिप्रश्न येतो, ‘कोण आहे त्याच्यात?’ आणि दुसरा, ‘पास आहे काय?’ ‘लिहिलं कोणी?’ हा प्रश्न मी अजून ऐकायचा आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. थंडी पडली की नागपूर केंद्रावर रोज संध्याकाळी एक याप्रमाणे नाटकं होतात. तिकीट नाममात्र. तरीही लोक तीस रुपयांचं पेट्रोल जाळून पास शोधत फिरतात, आणि पास मिळाला नाही की ‘नागपुरात नवीन काही होतच नाही’ म्हणत घरी जातात.

सभागृहानुसार बसण्याची जागा ठरते. रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात जवळपास दोन हजार खुर्च्या आहेत. तिथे नवरा-बायकोच्या अबोल्यावरचं दोन पात्रांचं नाटक लागलं, तर मागच्या रांगांना तो अबोला ऐकूच येत नाही. अशा नाटकाला लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह बरं. कुठेही गेलात तरी पाचवी ते आठवी रांग धरा. पहिल्या रांगेत मान मोडते आणि नटाच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या टाचा दिसतात. शेवटच्या रांगेत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्याचा आवाज पार्श्वसंगीतात मिसळतो. परीक्षकांच्या थेट मागे तर चुकूनही बसू नका. त्यांच्यापुढे छोटा दिवा असतो, आणि तो दिसला की माणूस नाटक सोडून परीक्षकाचं पेन कधी हलतं तेच बघत बसतो.

स्वेटर, शाल आणि खडीसाखर बरोबर हवी. आजचं नाटक शांततेवर चालतं आणि नागपूरचा डिसेंबर खोकल्यावर. एक जण खोकला की तीन रांगा खोकतात. खडीसाखर आधीच तोंडात ठेवा. ऐन प्रसंगात प्लास्टिकची पुडी उघडायला घेतली, तर नायिका मरायची थांबते.

आता मुख्य काम. पहिल्या दहा मिनिटांत गोष्ट शोधू नका. जुन्या नाटकात पडदा उघडला की रामूकाका फर्निचर पुसता पुसता फोनवर सगळं खानदान सांगून टाकायचे. नव्या नाटकात रामूकाका नाहीत. पुष्कळदा फर्निचरही नसतं, चार ठोकळे असतात. तोच ठोकळा पलंग, तोच एसटीची सीट, तोच विहिरीचा कठडा. यात घाबरण्यासारखं काही नाही. नट त्याच्याशी पहिल्यांदा कसा वागतो तेवढं लक्षात ठेवायचं. पहिल्या प्रवेशात विहीर असलेल्या ठोकळ्यावर तिसऱ्या प्रवेशात कोणी पेपर वाचत बसला, तर दोन शक्यता: लेखकाला काही सुचवायचं आहे, किंवा नट विसरला आहे. बाकीच्या पात्रांचे चेहरे बघा. ती दचकली असतील तर विसरला आहे.

शांततेचंही तसंच. संहितेत लेखकाने कंसात ‘शांतता’ लिहिलेलं असतं, आणि काही शांतता नटाची स्वतःची असते. लिहिलेल्या शांततेत नटाची नजर समोरच्या पात्रावर टिकते, श्वास चालू असतो. वाक्य विसरल्याच्या शांततेत नजर विंगेकडे जाते, हात केसांत जातो, आणि समोरचं पात्र एकदम कनवाळू होऊन विचारतं, ‘तुला काही सांगायचं होतं ना?’ अशा वेळी शेजारचा जाणकार ‘वा, काय पॉज घेतला!’ म्हणतो. म्हणू द्यावं.

मग येतो काळोख. आपले बरेच नवे लेखक मालिका आणि सिनेमे बघत मोठे झालेत, म्हणून ते सहज चौदा प्रवेश लिहून जातात. चौदा प्रवेश म्हणजे मधले तेरा काळोख. पंधरा सेकंदांचा एक धरला तरी १९५ सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटं आपण पैसे देऊन अंधार बघतो. कागदावर ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ लिहायला काही पडत नाही. रंगमंचावर मात्र त्याच नटांना अंधारात ठोकळे उचलून रेडियमच्या खुणेवर ठेवावे लागतात. खूण वीतभर चुकली की प्रकाश एकीकडे पडतो आणि स्वगत दुसरीकडून ऐकू येतं. पाच-सहा सेकंदांपर्यंत प्रेक्षक नाटकात राहतो. त्यापुढे खिशातले मोबाइल उजळतात, आणि मागच्या प्रवेशात बांधून आणलेला ताण भाजीच्या यादीत विरून जातो. प्रकाशयोजनाकाराच्या नावाने बोटं मोडू नका, हे पाप लेखनातलं आहे.

याच काळोखात टाळ्यांचा घोटाळा होतो. प्रकाश हळूहळू मावळला की संपलं समजून कोणीतरी टाळी वाजवतो, मागोमाग सगळे, आणि पुढचा प्रवेश खजील होऊन सुरू होतो. नट रांगेत उभे राहून वाकल्याशिवाय नाटक संपलं असं धरू नये.

लांबीची तक्रार मला फारशी पटत नाही. लेखकच दिग्दर्शक असला की कात्री हरवते, हे खरं. स्वतःचं वाक्य तालमीत स्वतःच कापायला काळीज लागतं. पण आपलं शहर नाटककार महेश एलकुंचवारांचं. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यावरची त्यांची तीन नाटकं १९९४ साली दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनी एकाच दिवसात सलग केली, तेव्हा लोक आठ-नऊ तास बसले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर वडशाहून निघालेल्या कंपनीचं नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं आणि प्रेक्षक चादर घेऊन येतात. मग दीड तासाच्या दीर्घांकाने आपली कंबर का मोडावी? कारण सरळ आहे: दीर्घांकाला मध्यंतर नसतं, आणि मध्यंतर नाही म्हणजे आलूबोंडा नाही.

भाषेचं दुखणं जरा खोल आहे. जालन्याकडचा राजकुमार तांगडे, नाशिकचे दत्ता पाटील, प्राजक्त देशमुख अशा लेखकांमुळे मुंबई-पुण्याबाहेरची माती रंगमंचावर आली, आणि आपल्याकडची पोरंही आता नागपुरीत लिहितात. पण वर्षानुवर्षं रंगमंचावर वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा म्हणजे गडी किंवा विदूषक, अशी सवय आपल्या कानांना लागलेली. त्यामुळे बापाच्या तिरडीपाशी बसलेला मुलगा भावाला ‘काहून बे, आता आला?’ म्हणतो आणि अर्धं सभागृह खो खो हसतं. हे हसू गिळायची सवय करावी लागते. दोन-तीन प्रयोगांत जमते.

लेखकही सगळेच निर्दोष नाहीत. काही जण पुणेरी वाक्य लिहून ते नागपुरी वाटावं म्हणून त्याला शेवटी ‘राहिला’ जोडतात. ‘तो येऊन राहिला’ हे बरोबर, तो आत्ता येतोय म्हणून. पण ‘सूर्य पूर्वेला उगवून राहिला’ असं पात्र सिद्धान्त म्हणून सांगू लागलं, की समजावं, लेखक नागपूरच्या सीताबर्डी बाजारात फक्त खरेदीला गेला आहे.

एवढं बघून झालं की दारातल्या प्रश्नाला उत्तर सापडतं. पूर्ण मत द्यायच्या भानगडीत पडू नका. एक वस्तू, एक एक्झिट किंवा एक वाक्य नाटक चालू असतानाच मनात बांधून ठेवा. ‘पहिल्या प्रवेशात आईने झाकून ठेवलेला डबा पुढे कोणी उघडलाच नाही, तो मुद्दाम का?’ असं काहीतरी विचारा. ‘तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?’ हे विचारू नका. ते सांगता आलं असतं तर त्याने कशाला दोन महिने तालमी केल्या असत्या? आणि ‘जुन्या नाटकांची सर नाही’ हे तर घरी जाऊन आरशाला सांगावं.

डब्याचा प्रश्न ऐकून लेखकाचा चेहरा बदलतो. तो तुम्हाला बाजूला घेतो, मग बाहेर टपरीवर नेतो. डबा आधी कसा उघडला होता, मग दहाव्या तालमीला का बंद केला, आईचं पात्र मुळात आजी होतं आणि कास्ट कमी पडल्यामुळे त्या आजीची आई कशी करावी लागली, हे सगळं पाऊण तास ऐकावं लागतं. थंडी वाजत असते. चहाचा दुसरा कट येतो. पैसे तुम्ही द्यायचे. नेपथ्य परत नेणाऱ्या मेटाडोरचे त्याने नुकतेच दिलेले असतात.