इझारचे गोटे, मुठेचा भराव

म्युनिकमध्ये इझार नदीवरच्या राइखेनबाख पुलाखालचा फोटो मी पुण्याला मामांना पाठवला. पांढरे गोटे, गुडघाभर हिरवट पाणी आणि त्यात डुंबणारी पोरं. मामांचं उत्तर आलं, ‘‘आपल्याकडेही हेच चाललंय. ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारतायत. तुमच्यासारखे लोक मध्ये खोडा घालतात.’’

मामांचा वैताग मला कळतो. मुठेवरचा पूल ओलांडताना नाकाला रुमाल लावण्यात त्यांची निम्मी हयात गेली. पण ‘हेच’ काही चाललेलं नाही.

इझारही एकोणिसाव्या शतकापासून सरळ रेषेत जखडलेली होती. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरवर ते पक्के काठ फोडले आणि पन्नास मीटरचं पात्र काही ठिकाणी नव्वदपर्यंत रुंदावलं. खर्च आला सुमारे साडेतीन कोटी युरो. पूर मावावा, हा त्यातला एक मुख्य हेतू होता. इथे मोठा पूर येऊन गेला की गोट्यांची बेटं जागा बदलतात. गेल्या वर्षी आम्ही चटई टाकायचो ती जागा यंदा पाण्यात आहे, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पाणीही आपोआप पोहण्याजोगं झालं नाही. वरच्या अंगाच्या गावांतली मैलापाणी केंद्रं उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारतात.

पुण्याच्या आराखड्यात पात्रालगत भराव घालून काठ बांधायचे आहेत. पूरपातळी वाढणार नाही, असं महापालिका म्हणते. पात्र आकसेल, असं विरोधक म्हणतात. मी विरोधकांच्या बाजूची. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. थोड्या तासांत धो धो पाऊस, हे आता वरचेवर होणार. अशा वेळी नदीची एक फूटही रुंदी खाऊ नये. आधी मैलापाणी अडवा, राम नदीसारखे ओढे मोकळे करा. बाकं आणि दिवे मागाहून बघू.

हे सगळं मामांना लिहिलं, तर त्यांनी एकच विचारलं, ‘‘निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या, आत ज्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतलेत, त्यांचं काय?’’

इथे मी अडले. इझारकाठची पूरमैदानं मोकळी कुरणंच राहिली होती. शिवाय वर पूर थोपवणारं झिल्वेनस्टाइन धरण आहे. काठ फोडताना म्युनिकला कुणाच्या सोसायटीचं दार ठोठावावं लागलं नाही.