विसरण्याने माणूस मरतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डिमेन्शियाने (स्मृतिभ्रंशाने) होणाऱ्या मृत्यूंबद्दल मी ब्रिटनचे आकडे देऊन लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: साथीत माणसं कोरोनाने गेली, विसरण्याने कोणी मरत नाही, आणि ब्रिटनचे आकडे नागपूरकरांना कशाला?

नुसत्या विसरण्याने कोणी मरत नाही, हे मान्य. पण डिमेन्शिया तिथे थांबत नाही. शेवटच्या टप्प्यात गिळणंच बिघडतं. घास, पाणी, लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१९ साली मृत्यूच्या कारणांत डिमेन्शिया पहिला होता. २०२० मध्ये कोरोना वर गेला, २०२२ मध्ये डिमेन्शिया पुन्हा पहिला. मार्च ते जून २०२० मध्ये तिथे कोरोनाशी संबंधित ५०,३३५ मृत्यू झाले, त्यांतल्या १२,८६९ जणांना डिमेन्शिया होता.

आता आपल्याकडचं. मनपाच्या मृत्यू दाखल्यावर कारण नसतं. ते डॉक्टर नमुना ४ या वेगळ्या सरकारी फॉर्ममध्ये लिहितात, घरी मृत्यू झाला तर ४अ मध्ये. पहिल्या भागात कारणांची साखळी असते: वर तात्काळ कारण, तळाशी मूळ कारण. सोबतचे आजार दुसऱ्या भागात जातात. मोजणीत धरतात ते एकच, मूळ कारण. त्यामुळे कोरोना तळाशी आणि डिमेन्शिया दुसऱ्या भागात गेला, की यादीत तो दिसतच नाही. त्यातही २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचंच कारण असं प्रमाणित झालं होतं. साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे. आपला आकडा लहान दिसतो तो या नोंदीमुळे, म्हणून ब्रिटनचा घेतला.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एवढं नक्की करा. भरवताना सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पाण्याने ठसका लागत असेल तर ते किती घट्ट करून द्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी तोडणं हा उपाय नव्हे. एक-दोन दिवसांतच बडबड वाढली किंवा माणूस सुस्त पडला, तर ताप नसला तरी संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम आणि हात स्थिर हवा, आकडा मिनिटभराने वाचा. ९४ च्या खाली असेल तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

नागपूरची सरकारी रुग्णालयं, मेडिकल असो की मेयो, साथीच्या वॉर्डात नातेवाईक आत नसतात. म्हणून एक कागद आधीच लिहून ठेवा: हाक कोणत्या नावाने मारायची, औषधं कोणती, चष्मा, कानाचं यंत्र, लघवी लागल्याचं कसं सांगतात. भरती करताना तो नर्सच्या हातात द्या, आणि एक प्रत फाइलला लावायला सांगा.